आवाजाला वळण

जानेवारीतली रात्र, नोएडातल्या एका सोसायटीचा सातवा मजला. धाकट्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात एक काळी पेटी होती आणि तिच्या तोंडाशी रजईची घट्ट वळकटी करून लावलेली होती. पेटीची मागची बाजू उघडी. आत काचेच्या चार नळ्या, प्रत्येकीत विझत आलेल्या निखाऱ्यासारखा नारिंगी उजेड. समोर स्टुलावर माझा भाचा, मांडीवर इलेक्ट्रिक गिटार. वळकटी त्याच्या आईने लावली होती, कारण सहाव्या मजल्यावरून नुकताच इंटरकॉम वाजला होता.

‘मावशी, तूच सांग तिला,’ तो म्हणाला, ‘आवाज कमी केली की टोन मरतो.’

‘कमी केली.’ दिल्लीच्या आसपास वाढलेल्या मराठी मुलांच्या तोंडी आवाज असा सहज स्त्रीलिंगी होऊन जातो. शब्द मुळात फारसी, आणि फारसीत नामांना लिंग नसतं. तो आपल्याकडे आला तेव्हा मराठीने त्याला पुल्लिंगी केलं, हिंदी-उर्दूने स्त्रीलिंगी. भाच्याची चूक मी दुरुस्त केली नाही. माझं लक्ष त्याच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे होतं. आवाज कमी झाला की टोन मरतो, म्हणजे त्याच्या लेखी या दोन वस्तू वेगळ्या होत्या. एक कमी करायची होती, दुसरी राखायची होती. आणि सहाव्या मजल्यावरच्या बाईंना, माझ्या बहिणीला आणि मलाही त्या दोन्हींसाठी एकच शब्द ठाऊक होता.

त्या रात्रीपासून मी या शब्दांच्या मागे लागले, आणि जो शब्द हाती येईल तो कुठल्या ना कुठल्या वळणावर घेऊन गेला.

आवाज किती आहे हे आपण कशात मोजतो ते आधी पाहू. दिल्लीत आवाज ‘तेज़’ असतो किंवा ‘धीमी’ असते. तेज म्हणजे फारसीत धारदार आणि वेगवान. आपल्या ‘तीक्ष्ण’शी आणि संस्कृत ‘तेजस्’शी त्याचं दूरचं नातं आहे. म्हणजे दिल्लीकर आवाजाला धार किंवा वेग लावून मोजतात. आपण मराठीत त्याला मोठा, लहान, बारीक म्हणतो, म्हणजे आकाराने मोजतो. आवाज चढतो, चढवतात, कुणी वरच्या पट्टीत बोलतं, म्हणजे उंचीने मोजतो, आणि तसं करताना सुराची उंची आणि आवाजाचा जोर यांची सरमिसळ खुशाल करतो. आणि ‘हळू बोल’ म्हणतो तेव्हा वजनाने मोजतो. ‘हळू’ हा संस्कृत ‘लघु’चा वंशज. प्राकृतात ‘लहु’ झाला, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि ‘हलु’, ‘हळू’ झाला. हिंदीतला ‘हल्का’ आणि ‘हौले’ त्याच कुळातले. हळू बोलणं म्हणजे हलकं बोलणं. मला हे माप सगळ्यांत सुंदर वाटतं, कारण भिंतीपलीकडच्या माणसाला आवाजाचं ओझंच होत असतं.

शास्त्राची मराठी इथे फारशी मदत करत नाही. पाठ्यपुस्तकात ध्वनीची ‘तीव्रता’ असते ती त्याच्या जोराबद्दल, आणि गवयाकडे ‘तीव्र मध्यम’ असतो तो सुराच्या चढेपणाबद्दल. एकाच घरात भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी आणि गाणं शिकणारी मुलगी असेल तर त्या ‘तीव्र’ म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी बोलत असतात.

म्हणून आपण सगळे ‘व्हॉल्यूम’ म्हणतो. या शब्दाबद्दल मराठी माणसाला अवघडल्यासारखं वाटायचं कारण नाही, कारण तो आपल्याच घरच्या शब्दाचा चुलत भाऊ आहे. लॅटिनमध्ये ‘वोल्वेरे’ म्हणजे गुंडाळणं, फिरवणं. त्यापासून ‘वोल्यूमेन’ म्हणजे गुंडाळी. रोमन काळात ग्रंथ पपायरसच्या लांब पट्ट्यावर लिहीत आणि तो पट्टा गुंडाळून ठेवत; ती गुंडाळी म्हणजे व्हॉल्यूम. पुढे बांधीव पुस्तकं आली तरी नाव राहिलं, म्हणून ग्रंथाचा खंड तो व्हॉल्यूम. खंड मोठा की लहान यावरून शब्द आकाराला लागला, म्हणून भूमितीतलं घनफळ तेही व्हॉल्यूम. आकारावरून राशीला, आणि शेवटी ध्वनीच्या राशीला. खंड, घनफळ आणि आवाज अशा तीन मराठी शब्दांचं काम एकटा करणारा हा शब्द मुळात आहे निव्वळ गुंडाळी.

आणि ‘वोल्वेरे’चा जो आदिधातू, त्याच्याच संस्कृत शाखेवर ‘वल्’ आहे: वलति, म्हणजे वळतो. त्यातून मराठीत ‘वळणे’ आलं आणि त्याने जो विस्तार केला तो इंग्रजीच्या तोडीस तोड आहे. आपण लाडू वळतो, वाती वळतो, दोरी वळतो, मूठ वळतो. रस्त्याला वळण असतं, अक्षराला वळण असतं. छडीचा वळ उठतो. अंथरुणाची वळकटी होते. ‘वोल्यूमेन’चं मराठी भाषांतर मला कुणी मागितलं तर मी डोळे मिटून ‘वळकटी’ म्हणेन. त्या रात्री माझी बहीण रजईच्या वळकटीने व्हॉल्यूम आवरत होती, म्हणजे शब्दशः वळकटीने वळकटी.

(तिने एक गोष्ट मात्र बरोबर केली होती: वळकटी फक्त पुढच्या जाळीशी लावली होती. नळ्यांच्या पेटीवर कापड टाकू नये. त्या भाजण्याइतक्या तापतात आणि त्यांना हवा लागते.)

‘कंट्रोल’ हा शब्द शोधायला बसले तेव्हा मी खरोखर खुर्चीतून उठले. त्याचा उगम फ्रेंच ‘कोंत्र-रोल’, म्हणजे प्रति-गुंडाळी. खजिन्याचा हिशेब एका गुंडाळीवर लिहीत. तो ताडून पाहायला दुसऱ्या कारकुनाकडे त्याची जोड-गुंडाळी असे. पहिल्या गुंडाळीसमोर दुसरी धरून तपासणं म्हणजे कंट्रोल. ‘रोल’च्या मागे लॅटिन ‘रोता’, म्हणजे चाक, आणि त्याचा संस्कृत नातेवाईक ‘रथ’. तेव्हा ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणजे एक गुंडाळी आणि तिच्यावर नजर ठेवणारी दुसरी गुंडाळी. आपल्या आजीच्या पिढीने ‘कंट्रोलचा तांदूळ’, ‘कंट्रोलची साखर’ म्हणताना हा शब्द मूळ अर्थाच्या अगदी जवळ नेऊन ठेवला होता: दुकानदाराच्या वहीसमोर आपलं रेशनकार्ड, एक नोंद दुसरीने ताडून पाहायची.

पण मराठीला स्वतःचा शब्द हवाच असेल तर तो आधीपासून आहे. मूल हट्टी झालं की आपण त्याला ‘वळण लावतो’. गायला शिकणाऱ्याच्या ‘गळ्याला वळण लागतं’. दाबून टाकणं त्यात येत नाही, तोंड बंद करणंही नाही. शक्ती तेवढीच ठेवून तिला दिशा देणं येतं. ‘ध्वनिनियंत्रण’ हा शब्द वाचला की मला पोलीस ठाण्यातली नोटीस आठवते. ‘आवाजाला वळण लावणं’ म्हटलं की गिटार समोर ठेवून बसलेला तो मुलगा आठवतो.

आता त्या पेटीच्या, म्हणजे गिटारच्या अँप्लिफायरच्या, आत जाऊ.

ज्याला भाचा ट्यूब म्हणतो त्याला इंग्लंडमध्ये आणि म्हणून आपल्याकडच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांत व्हॉल्व्ह म्हणतात. ट्यूब हे अमेरिकेचं नाव, दिसण्यावरून दिलेलं: नळी. व्हॉल्व्ह हे कामावरून दिलेलं. 1904 मध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी पहिली अशी नळी केली, तिच्यातून वीज एकाच दिशेने जायची, उलट फिरायची नाही, म्हणून त्यांनी तिला व्हॉल्व्ह म्हटलं. लॅटिन ‘वाल्वा’ म्हणजे घडीच्या दाराचं एक दार, फिरणारं फळकूट. आणि हा शब्दही त्याच ‘वोल्वेरे’च्या घरातला! व्हॉल्यूम, व्हॉल्व्ह आणि वळण ही तिघं एका आजीची नातवंडं. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचा व्हॉल्यूम फिरवणारा माणूस एकाच क्रियापदाची दोन रूपं एका वाक्यात वापरत असतो. मराठीत हृदयाच्या व्हॉल्व्हला आपण ‘झडप’ म्हणतो, आणि खिडकीच्या फिरत्या फळ्यांनाही झडपाच म्हणतो. ‘वाल्वा’ला इतका नेमका शब्द फार भाषांना मिळाला नसेल. पाठ्यपुस्तकवाल्यांनी मात्र ‘निर्वात नलिका’ असा शब्द केला. तो ट्यूबवरून. झडप हाताशी असताना.

1906 मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्या झडपेत तारेची एक जाळी बसवली आणि तेव्हापासून खरी गोष्ट सुरू झाली. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या पत्र्याकडे धावतात, मध्ये जाळी. जाळीवरच्या विजेत अगदी बारीक फरक झाला तरी पलीकडचा मोठा प्रवाह त्याबरहुकूम वाढतो-घटतो. गिटारच्या तारेखालच्या चुंबकातून येणारी वीज मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतकी दुबळी असते. ती जाळीवर आली की पलीकडे तिचंच मोठं रूप उभं राहतं. अँप्लिफायरचं सगळं रहस्य एवढंच.

आपल्या देशात हे व्हॉल्व्ह बंगळुरूला बनत. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी 1954 मध्ये स्थापन झाली आणि 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह करू लागली. तिचा एक कारखाना नंतर बहिणीच्या घरापासून फार लांब नसलेल्या गाझियाबादेतही आला, पण तिथे काम रडारचं. ‘बीईएल’ ही तीन अक्षरं छापलेली काच जुन्या रेडिओंच्या पोटात अजून सापडते. भाच्याला घेऊन मी लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटमध्ये गेले ते एक नळी बदलायची होती म्हणून. स्पीकर, तारा आणि एलईडीच्या माळांच्या त्या दाटीत एका अरुंद दुकानात एक वयस्क कारागीर अजून व्हॉल्व्हचं काम करतात. त्यांनी खडखडणारी घुंडी दोन बोटांत धरून हलवली आणि म्हणाले, ‘कंट्रोल साफ़ करना पड़ेगा.’ घुंडी म्हणजे फिरवायची गोल मूठ. जुन्या हिंदीत कपड्याच्या गोल बटणालाही घुंडीच म्हणतात. शेजारी आपली मराठी ‘गुंडी’ ठेवा, सदऱ्याची. आपल्याकडे तीच मूठ रेडिओला असली की आपण तिला कान म्हणायचो. ‘रेडिओचा कान पिळ जरा’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं आहे त्यांना त्या मुठीला दुसरं नाव सुचणार नाही.

त्या कारागिरांनी भाच्याला दोन सूचना दिल्या. पहिली: यंत्र बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात, उघडून हात घालायचा नाही. दुसरी: ‘बिना लोड के मत चलाना, ट्रांसफ़ॉर्मर बैठ जाएगा.’ लोड म्हणजे स्पीकर. व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकर जोडलेला नसताना जोरात चालवलं तर आतली शक्ती जायला वाट सापडत नाही आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अँपची सवय असलेल्या मुलांना ही गोष्ट ठाऊक नसते.

‘लोड’ ऐकल्यावर मला आपल्या बैठकीतला लोड आठवला, टेकायचा, तक्क्याच्या जोडीचा. इथे मी स्वतःला आवरलं. इंग्रजी ‘लोड’चं मूळ वाट, वाहतूक या अर्थाच्या जुन्या शब्दात आहे, बैठकीतल्या लोडाशी त्याचा संबंध नाही. ध्वनी जुळला म्हणून रक्त जुळत नाही. ‘गिटार’बद्दल तर ‘गीत’ अधिक ‘तार’ अशी व्युत्पत्ती चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकायला मिळते. ती चुकीची आहे. गिटार स्पॅनिशमधून आली, तिच्यामागे अरबी आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘किथारा’ आहे. सतारीतला ‘तार’ फारसी, ‘से-तार’ म्हणजे तीन तारांचं. नाती जुळवताना जीभ सैल सोडली की खरी नातीसुद्धा संशयास्पद वाटू लागतात, म्हणून हे सांगितलं.

तर भाच्याचा प्रश्न. आवाज कमी केला की टोन का मरतो?

आपण स्पीकरबद्दल तक्रार करताना ‘आवाज फाटतोय’ म्हणतो. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, सभेत. व्हॉल्व्हकडून त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं की लाटेचं वरचं टोक सपाट कापलं जातं आणि मुळात नसलेले वरचे सूर त्यात मिसळतात. सभेत हा दोष आहे. इलेक्ट्रिक गिटारमध्ये हाच स्वर आहे. व्हॉल्व्ह एकदम कापत नाही, हळूहळू दबत जातो, त्यामुळे तो फाटका आवाज कानाला ऊबदार लागतो. वाजवणाऱ्याने तार हळू छेडली की तो सांधला जातो, जोरात छेडली की पुन्हा फाटतो. इंग्रजीत याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. त्यात लॅटिन ‘तोर्क्वेरे’ आहे, म्हणजे पिळणं. डिस्टॉर्शन म्हणजे पीळ. आपण कान पिळतो, दोरीला पीळ देतो, आणि या मुलाला आवाजाला पीळ द्यायचा असतो. पण हा पीळ पडायला यंत्राला पुरतं राबावं लागतं, आणि यंत्र पुरतं राबलं की सहावा मजला जागा होतो. गिटारवाल्यांची सगळी धडपड या एका पेचातून आहे.

या पेचाचा इतिहासही बोलका आहे. लंडनमध्ये ड्रम शिकवणाऱ्या आणि वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अँप बनवायला घेतले. वादकांना आणखी आवाज हवा होता, म्हणून 1965 मध्ये त्यांनी 100 वॅटचा अँप केला. आणि दहा वर्षांनी, 1975 मध्ये, त्याच कंपनीला ‘मास्टर व्हॉल्यूम’ असलेला 100 वॅटचा अँप काढावा लागला, म्हणजे तो आवाज आवरता यावा.

मास्टर व्हॉल्यूमच्या अँपवर दोन कान असतात. पहिल्याला ‘गेन’ म्हणतात. तो सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हना किती राबवायचं ते ठरवतो. दुसरा मास्टर, तो त्यांच्यापासून पुढच्या मोठ्या व्हॉल्व्हकडे किती जाऊ द्यायचं ते ठरवतो. गेन चढवून मास्टर उतरवला की पीळ राहतो आणि जोर कमी होतो. ‘गेन’ म्हणजे मिळकत, पण जुन्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जमीन कसणं असाही होता आणि त्याही मागच्या जर्मानिक मुळात चरणं, चारा शोधणं. आपण गुरं ‘वळतो’, हे मला लगेच आठवलं. शब्द वेगळा, पण माळावरचं चित्र तेच. आणि ‘मास्टर’ लॅटिन ‘मागिस्तेर’वरून; त्यातला ‘मागिस’ आणि आपला ‘महा’ एकाच मुळाचे. महाराष्ट्रातला ‘महा’ नोएडातल्या त्या पेटीवरच्या दुसऱ्या घुंडीत बसलेला आहे. इंग्रजीतून आला तो शाळेतला मास्तर. तोच ‘मागिस्तेर’ पोर्तुगीजमधून ‘मेस्त्रे’ होऊन कोकणात उतरला आणि मेस्त्री, मिस्त्री झाला. लाजपत राय मार्केटमधल्या त्या मिस्त्रींनी मास्टर साफ करून दिला तेव्हा एका शब्दाचे दोन वंशज समोरासमोर आले होते.

मास्टर व्हॉल्यूमने काम भागतं, पण पुरतं नाही. पीळ पडतो तो फक्त पहिल्या छोट्या व्हॉल्व्हचा, आणि तो मधमाशीसारखा गुणगुणतो. मोठे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर राबल्यावर जी भरदार ओढ येते ती येत नाही. ज्यांना ती हवी ते अँप आणि स्पीकरच्या मध्ये ‘अ‍ॅटेन्युएटर’ बसवतात. अँप पुरता राबतो, पण त्याची बहुतेक शक्ती या डब्यात उष्णता होऊन जाते, स्पीकरला थोडीच मिळते. व्हॉल्व्ह मात्र लवकर झिजतात, कारण ते खरोखरच पूर्ण कष्ट करत असतात.

अ‍ॅटेन्युएटरमध्ये लॅटिन ‘तेनुइस’ आहे, म्हणजे पातळ, आणि तो आपला ‘तनु’. दिल्लीतल्या हिंदी माध्यमाच्या रसायनशास्त्रात ‘तनु अम्ल’ असतं. मराठी पुस्तकात आपण ‘विरल आम्ल’ म्हणतो. ‘तेनुइस’ आणि ‘तनु’ या दोन्हींच्या मागे ताणण्याचा धातू आहे, ‘तन्’. ताणलं की वस्तू पातळ होते. त्याच ‘तन्’पासून तंतू आणि गवयाची तान. आणि त्याच धातूच्या ग्रीक शाखेवर ‘तोनोस’, म्हणजे ताण, ताणलेली तार, तिचा सूर, त्यावरून ‘टोन’. भाचा म्हणत होता, ‘अ‍ॅटेन्युएटर लावला की टोन जरा पातळ होतो.’ त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या वाक्यातला कर्ता आणि कर्म एकाच आईची मुलं होती.

टोन मरतो यात थोडा दोष कानाचाही आहे. 1933 मध्ये हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की आवाज हळू झाला की आपल्या कानाला खर्ज आणि टीप मधल्या सुरांपेक्षा आणखी कमी ऐकू येते. तेच यंत्र, तोच पीळ, पण हळू ऐकला की पोकळ वाटतो. म्हणून हळू वाजवताना खर्जाची घुंडी थोडी वाढवून पाहावी. भाच्याने ती वाढवली आणि त्याचा चेहरा खुलला.

आणि मोजमाप. ‘निम्म्या वॅटचा अँप घेतला तर अर्धा आवाज’ असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. कान असा हिशेब करत नाही. शक्ती निम्मी केली तर आवाज 3 डेसिबलने उतरतो, तो फरक जेमतेम जाणवतो. अर्धा झाल्यासारखा वाटायला 10 डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे शक्ती एक दशांश. 100 वॅटचा अर्धा आवाज साधारण 10 वॅटला मिळतो, 50 ला नाही. ‘डेसिबल’मधला ‘डेसि’ म्हणजे दहावा भाग, लॅटिन ‘देकेम’वरून, आणि तो आपल्या ‘दश’चा सख्खा; ‘बेल’ हे टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं आडनाव. व्हॉल्व्हच्या काचेवरच्या बीईएलशी आणि शंकराच्या बेलाशी त्याचा संबंध नाही, हे माझ्या बहिणीला मुद्दाम सांगावं लागलं.

भाच्याचा अँप 15 वॅटचा. गिटारचे चांगले स्पीकर एका वॅटला एक मीटरवर शंभराच्या आसपास डेसिबल देतात, तेव्हा 15 वॅट म्हणजे 110 च्या घरात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45. भिंती आणि अंतर मध्ये आहेत हे मान्य केलं तरी या दोन आकड्यांमधली दरी केवढी आहे ते पाहा. वॅटचा हजारावा भागसुद्धा मीटरभरावर 70 डेसिबलच्या आसपास ऐकू येतो, म्हणजे शेजारी बसून बोलणाऱ्या माणसापेक्षा मोठा. हे आकडे मी कागदावर मांडले तेव्हा सहाव्या मजल्यावरच्या बाईंची बाजू मला पहिल्यांदा नीट कळली. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आणखी एक घुंडी आहे, तिच्याकडे नवे वादक लक्ष देत नाहीत: खुद्द गिटारवरची. अँप थोडा पीळ पडेल असा लावून ठेवायचा आणि मग हाताखालची ती घुंडी किंचित मागे घ्यायची. व्हॉल्व्ह ताबडतोब निवळतो, सूर स्वच्छ होतो, पुन्हा पुढे घेतली की फाटू लागतो. जुने वादक पायाने बटणं दाबण्याऐवजी हेच करत. या घुंडीतला आतला भाग, ज्याला दुकानात नुसतं ‘पॉट’ म्हणतात, तो पोटेन्शिओमीटर. त्यातला ‘पोटेन्स’ सामर्थ्याचा आणि त्याचं मूळ आपल्या ‘पति’शी जुळतं, म्हणजे ज्याची सत्ता चालते तो, ‘मीटर’ आपल्या ‘मात्रे’शी. सामर्थ्याची मात्रा. वैद्याच्या पुडीवर शोभेल असा शब्द गिटारच्या पोटात बसलेला आहे.

पुन्हा त्याच खोलीत, नंतरच्या एका रात्री. दहाला पाच कमी होते. मी भाच्याला म्हटलं, ‘गेन तसाच ठेव. मास्टर अगदी खाली आण. खर्ज थोडा वाढव. आणि उरलेलं सगळं तुझ्या हाताखालच्या घुंडीने कर.’

‘म्हणजे आवाज कमी केली तरी चालेल?’

‘कमी केला,’ बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

त्याने मास्टर जवळजवळ मिटवला, पुन्हा केसभर उघडला, आणि एकच सूर काढून कान लावून बसला. तो सूर बारीक होता, पण फाटका होता, आणि शेवटपर्यंत विझला नाही. बहिणीने येऊन पेटीसमोरची रजई उचलली, उलगडली, आणि थंडी वाजत होती म्हणून माझ्या पायांवर टाकली.